सीएफए करू काय? उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जाऊ



मागच्या महिन्यात घरी, चांदूर रेल्वेला गेलो होतो. परत निघालो तेव्हा स्टेशनवर कॉलेजचा एक ज्युनिअर भेटला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला, नेट दोनदा दिलेला. बडनेऱ्याकडे जाणारी गाडी यायला वेळ होता. तो म्हणाला, "दादा, दोन वर्षं झाले, नेट काही निघून नाही राहिली. सीएफए करून टाकू काय? बाबा म्हणते, सोयाबीन विकलं की फीचे पैसे देतो."

मला "कर" म्हणवेना, "नको" पण म्हणवेना. मी स्वतः विज्ञानाचा, पीएच.डी. संपत आलेली, पुढचं काही ठरलेलं नाही. त्यामुळे हा प्रश्न थोडा माझाही आहे. म्हणून ठरवलं, सल्ला द्यायच्या आधी याला संशोधनाचा प्रश्न म्हणून हाताळून पाहू. तुम्हाला पद्धत दिसेल, त्याला उत्तर मिळेल.

पायरी १ : प्रश्न फोडा

"फायनान्सची व्यावसायिक पात्रता करिअर बदलायला मदत करते का?" हा प्रश्न असाच ठेवला तर उत्तर फक्त "डिपेंड्स" येतं. कारण "मदत" या एका शब्दात तीन गोष्टी लपल्या आहेत. पात्रतेने ज्ञान मिळतं का? लोकांचा किंवा कायद्याचा विश्वास मिळतो का? आणि कामाची पहिली खुर्ची मिळते का? तिन्ही वेगळ्या मोजाव्या लागतात. आता आपल्याच इतिहासातली तीन उदाहरणं या कसोटीवर लावू.

पायरी २ : उदाहरणं तपासा

पहिलं उदाहरण चिंतामणराव देशमुखांचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री, हे आपण सगळे वाचतो. पण केंब्रिजला ते काय शिकले? १९१७ साली त्यांनी नॅचरल सायन्सेसची परीक्षा दिली. विषय वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र. वनस्पतिशास्त्राचं बक्षीसही मिळवलं. म्हणजे माणूस आपल्याच जातकुळीतला. १९१८ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेत ते पहिले आले. फायनान्सची कुठलीही व्यावसायिक पात्रता त्यांच्याकडे नव्हती.

मग फायनान्स कुठे शिकले? नोकरीत, आणि तेही आपल्याच भागाच्या सरकारात. तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारात देशमुखांनी जमाबंदीचं काम केलं आणि पुढे वित्त खात्याचे सचिव झाले. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटायचा याची चौकशी ऑटो निमेयर यांनी केली, तेव्हा आपल्या प्रांताची बाजू मांडणारं निवेदन देशमुखांनी तयार केलं होतं. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर झाले. वनस्पतिशास्त्रापासून बँकेपर्यंतचं अंतर कापायला जवळजवळ वीस वर्षं लागली, आणि ती सगळी वर्षं त्यांच्याकडे खुर्ची होती.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्राचं एम.ए. केलं आणि त्यानंतर प्रांतिक वित्तव्यवस्थेवर संशोधन केलं. त्या काळात मुंबईत या विषयाचं इतकं शिक्षण घेतलेली माणसं किती असतील? १९१७ मध्ये ते परतले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्य म्हणून राहायला जागासुद्धा मिळेना, म्हणून मुंबईत आले आणि शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं तुटली आणि व्यवसाय बंद पडला.

एम.ए. ही व्यावसायिक पात्रता नव्हे, हे मान्य. पण ज्ञान कोणत्याही परवान्यापेक्षा कमी नव्हतं. अडलं ते विश्वास आणि खुर्चीपाशी. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुढे लंडनहून डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आले, आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. हिशेबनीस व्हायला आलेल्या पोरांना ते शिकवत होते, पण बाजाराने मात्र त्यांना सल्लागार म्हणून उभं राहू दिलं नव्हतं.

तिसरं उदाहरण एखाद्या व्यक्तीचं नाही, एका परीक्षेचं आहे. १९१३ च्या कंपनी कायद्याने ऑडिट कोणी करायचं यावर परवान्याची अट आली. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. १९१८ मध्ये मुंबई सरकारने 'गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी', म्हणजे जी.डी.ए., आणला. आता यातली मेख बघा. नुसता डिप्लोमा पास होऊन पूर्ण परवाना मिळत नव्हता. मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करावी लागायची. १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था स्थापन झाली, तेव्हाही उमेदवारीची ही अट कायम राहिली. आजही आर्टिकलशिपशिवाय सीए होता येत नाही.

आणि सीएफए? त्याची पहिली परीक्षा १९६३ मध्ये अमेरिका आणि कॅनडात झाली, २८४ जण बसले होते. आज तिन्ही लेव्हल पास झालात तरी नावापुढे ती अक्षरं लागत नाहीत. किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे पात्रता देणाऱ्यांनीच शंभर वर्षांपासून लिहून ठेवलंय की परीक्षा हा अर्धाच भाग आहे.

फरक एवढाच की सीएच्या रस्त्यात उमेदवारी अभ्यासक्रमातच बांधलेली आहे. सीएफएच्या रस्त्यात ती खुर्ची तुमची तुम्ही शोधायची.

पायरी ३ : स्वतःच्या निष्कर्षावर शंका घ्या

इथे थांबून एक चूक टाळू. देशमुखांकडे बघून "पात्रता लागतच नाही" म्हणणं सोपं आहे. पण देशमुख आपल्याला दिसतात कारण ते पोहोचले. जे पोहोचले नाहीत त्यांचं चरित्र कोणी लिहीत नाही. यशस्वी माणसांवरून नियम काढणं हा नमुना निवडण्यातला दोष आहे. शिवाय आय.सी.एस. हीच त्या काळची सगळ्यात मोठी चावी होती. त्यांच्याकडे पात्रता नव्हती असं नाही, वेगळी होती.

म्हणून मी एवढंच म्हणेन: तिन्ही उदाहरणांत निर्णायक ठरली ती खुर्ची. पात्रता जिथे खुर्चीला जोडलेली होती तिथे ती कामाला आली. जिथे नव्हती तिथे उत्तम ज्ञानसुद्धा दारात थांबलं. तीन उदाहरणांवरून यापेक्षा मोठा दावा करता येत नाही, आणि करूही नये.

मग ज्युनिअरला काय सांगितलं?

फोन केला. म्हटलं, "गड्या, फी भरायच्या आधी एक काम कर. सीएफएच्या पहिल्या लेव्हलवर किंवा अभ्यास चालू असताना एम.एस्सी.वाल्याला कामावर घेणारे लोक शोध. अमरावती, नागपूर, पुणे, कुठंही. अशा रस्त्यानं गेलेले पाच जण गाठ, आणि अर्ध्यात सोडलेले पाच जणसुद्धा गाठ. दोघांनाही एकच विचार, पहिली खुर्ची कोणी दिली?"

तो म्हणाला, "सोडलेल्यायले काहून विचारू?"

म्हटलं, "कारण त्यायचं कोणी लिहून ठेवत नाही."

आणखी एक सांगितलं. सीएला थेट प्रवेशाचा रस्ता विज्ञानाच्या पदवीधरालाही खुला आहे, ६० टक्के गुण लागतात. उमेदवारी तिथे ठरलेलीच आहे. वेळ जास्त जातो, पण खुर्ची रस्त्यातच मिळते. दोन्हीची तुलना कर आणि मग सोयाबीनच्या पैशाला हात लाव.

त्याची यादी सध्या सहा नावांवर आली आहे. चार पोहोचलेले, दोन सोडलेले. सोडलेले शोधायला जास्त वेळ लागतोय असं तो म्हणतो. संशोधनाला लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. जी माहिती सहज सापडत नाही, पुष्कळदा तुमचं उत्तर तिच्यातच असतं.