मावळातील भूजलपातळीच्या नोंदी : एक ऐतिहासिक परामर्श

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस वसलेला मावळ तालुका पर्जन्यसंपन्न म्हणून ओळखला जातो. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगाव दाभाड्यापर्यंत येताना त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. भूजलाच्या शासकीय मूल्यमापनात हा तालुका 'सुरक्षित' वर्गात मोडतो. तरीही डोंगरपट्ट्यातील वाड्यावस्त्यांच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी ठरतात, याचे उत्तर भूगर्भाइतकेच मोजणीच्या इतिहासातही शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मावळचा खडक बेसाल्टचा. काळा पाषाण पाणी धरत नाही. ते साठते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि काही प्रमाणात मांजऱ्या खडकात. हा साठा उथळ आणि उतारावर सहज निथळून जाणारा असतो. भाजे येथील लेण्यांत पाण्यासाठी खडकात टाकी खोदलेली आहेत आणि तेथील ब्राह्मी लेखांत 'पोढी' म्हणजे टाके दान दिल्याची नोंद आहे. एवढ्या पावसाच्या प्रदेशात पाण्याचे टाके ही दान देण्याजोगी वस्तू मानली गेली, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

भूगर्भातील पाण्याची पद्धतशीर पाहणी व्हावी, ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पाणाड्यांकरवी शेतांची पाहणी करून झऱ्यांच्या जागा गावाच्या नकाशावर नोंदवाव्यात, असे सुचविले होते. शासकीय पातळीवर मात्र असे स्वतंत्र काम उभे राहिले ते १९७२ च्या दुष्काळाच्या काळात. त्या वर्षी स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्यभर निरीक्षण विहिरी निवडून वर्षातून चार वेळा पातळी नोंदविण्याची प्रथा रूढ केली. दशकानुदशके त्याच विहिरींवर घेतलेल्या या नोंदींचे मोल मोठे आहे.

या नोंदींतून काय काढायचे, हे मात्र दुसऱ्याच गरजेने ठरले. विहिरींसाठी शेतकऱ्यांना कर्ज द्यावे की नाही, हा त्या काळचा तातडीचा प्रश्न होता. म्हणूनच १९७९ मध्ये भूजलाच्या अतिउपशाविषयी समिती नेमली ती कृषी पुनर्वित्त व विकास महामंडळाने. पुढे १९८४ च्या भूजल अंदाज समितीने उपशाच्या टक्केवारीवरून पांढरे, करडे व काळे असे विभाग पाडले, तर १९९७ च्या समितीने 'सुरक्षित' ते 'अतिशोषित' अशी श्रेणी रूढ केली. या वर्गवारीचा मूळ प्रश्न एकच : वार्षिक भरणाच्या तुलनेत उपसा किती? विहिरीत एप्रिलमध्ये पाणी असेल काय, हा तिचा प्रश्न नव्हेच. १९९७ च्या पद्धतीनुसार तर वीस टक्क्यांहून अधिक उताराचे डोंगराळ क्षेत्र भरणाच्या हिशेबातून वगळले जाते. शास्त्रीयदृष्ट्या ते योग्यच. पण त्या डोंगरातील वस्तीही पर्यायाने हिशेबाबाहेर जाते.

एक साधे गणित येथे उद्बोधक ठरेल. बेसाल्टची विशिष्ट जलक्षमता दोन टक्के धरली, तर विहिरीची पातळी पाच मीटरने वाढणे म्हणजे खडकात अवघे १०० मिलिमीटर पाणी मुरणे होय. चार हजार मिलिमीटर पावसाचा हा चाळिसावा हिस्सा. एकदा खडक भरला की पुढचा पाऊस ओढ्यानेच जाणार. उपसा अल्प म्हणून टक्केवारी अल्प, म्हणून तालुका सुरक्षित. आणि उपसा अल्प का, तर उपसायला फारसे शिल्लकच राहत नाही.

नदीकाठचे वास्तव याहून निराळे आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या पवना धरणाचे पाणी नदीपात्रातून वाहत रावेतला येते व तेथे पिंपरी-चिंचवडसाठी उचलले जाते. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेस मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर योजनेचे काम थांबले. या वादाची राजकीय चर्चा विपुल झाली. तथापि त्याच्या मुळाशी भूजलाचाही एक प्रश्न होता : वाहत्या पात्राचा आधार काठच्या विहिरींना किती, आणि किती अंतरापर्यंत? वर्षातील चार नोंदी याचे उत्तर देऊ शकत नाहीत. धरणातून पाणी सोडल्यावर विहिरीत होणारा चढउतार काही दिवसांचा असू शकतो, तर दोन नोंदींमधील अंतर महिन्यांचे असते.

१९९५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या जलविज्ञान प्रकल्पात निरीक्षण कूपनलिका व स्वयंचलित नोंदयंत्रे आली, हे खरे. परंतु पवनेच्या प्रश्नासाठी यंत्रांची वाट पाहण्याचे कारण नाही. पवनानगर ते रावेत या पट्ट्यात नदीपासून वाढत्या अंतरावरील विहिरी निवडून, मोजपट्टीने आठवड्याला एकदा पातळी घ्यावी आणि शेजारच्या रकान्यात धरणातून पाणी सोडल्याच्या तारखा लिहाव्यात. परिसरातील महाविद्यालयांच्या भूगोल विभागांना हे काम एका उन्हाळ्यापासूनही सुरू करता येईल.