खाकीपुढची कबुली

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात हे वाक्य इतकं रुळलंय की वाचताना कुणी थबकत नाही. खाक्या म्हणजे नेमकं काय दाखवलं, हे बातमीदार लिहीत नाही आणि वाचकही विचारत नाही. त्या कबुलीला न्यायालयात मात्र काडीची किंमत नसते. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरायची नाही, हा नियम या देशात १८६१ पासून आहे. तो ज्यांनी केला त्या इंग्रजांच्या स्वतःच्या देशात इतकी सरसकट बंदी कधीच नव्हती. तिथे कबुली स्वखुशीची आहे का, एवढंच पाहिलं जाई. मग इथेच असं काय घडलं की सरकारने आपल्याच पोलिसांवर कायदा करून अविश्वास दाखवावा?

घडलं ते मद्रास इलाख्यात. १८५४ साली ब्रिटिश पार्लमेंटात आरोप झाला, की मद्रासेत सारावसुलीसाठी रयतेचा छळ होतो. इलाख्याच्या सरकारने इलियट, स्टोक्स आणि नॉर्टन या तिघांचा आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८५५ साली आला. आयोगापुढे दीड हजारांहून जास्त तक्रारी आल्या होत्या. अहवालात छळाच्या रीती नावानिशी नोंदल्या आहेत. ‘किट्टी’ म्हणजे दोन लाकडी फळ्या, त्यांत बोटं किंवा मांड्या धरून आवळायच्या. ‘अनुंडाल’ म्हणजे माणसाला वाकवून, दोरीने जखडून उन्हात ठेवायचं. सारा थकवणाऱ्याला जे केलं जाई, तेच चोरीच्या संशयितालाही, कारण करणारे हात तेच होते. वसुली आणि पोलिसी, दोन्ही कामं तहसीलदार आणि त्याच्या शिपायांकडे होती.

अहवाल धीट होता, पण एका जागी त्याने सोयीस्कर वळण घेतलं. छळ करणारे सगळे नेटिव, गोऱ्या अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा नाही, असा निर्वाळा त्याने दिला. वसुलीचा आकडा वरून कोण ठरवतो आणि तो पुरा झाला नाही तर तहसीलदाराची नोकरी कोण घेतो, या बाजूला आयोगाची नजर फारशी वळली नाही. कार्ल मार्क्सने १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात याच अहवालाचा पंचनामा केला, तेव्हा त्याने नेमकं हेच हेरलं होतं.

पुढे १८६१ साली दोन कायदे झाले. पोलीस कायद्याने नवं, शिस्तबद्ध दल उभं केलं आणि फौजदारी प्रक्रिया संहितेने त्याच दलाला मिळालेली कबुली पुराव्यातून बाद केली. एका हाताने दंडुका दिला आणि दुसऱ्या हाताने त्या दंडुक्याची कमाई जप्त केली, असा हा प्रकार. छळून कबुली काढणं हा गुन्हा तर आधीच ठरला होता. १८६० च्या दंडसंहितेतल्या ३३० व्या कलमाखालचं पहिलंच उदाहरण कबुलीसाठी छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं आहे. १८७२ साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने पुराव्याचा कायदा रचला, तेव्हा ही बंदी २५ आणि २६ या कलमांत जाऊन बसली. पंचवीस सांगतं, पोलिसापुढची कबुली नको. सव्वीस सांगतं, कोठडीत असताना दुसऱ्या कुणापुढे दिलेलीही नको, न्यायदंडाधिकारी समोर असल्याशिवाय. छळाच्या मुळाशी आळस आहे, हे स्टीफनने जाणलं होतं. पुढे एका ग्रंथात त्याने हिंदुस्थानातल्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवलं. त्याचा आशय असा, की उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोपं पडतं. या नियमाला आरोपीचे लाड समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कबुली हाती लागली की तपास थांबतो. तो थांबू नये म्हणून ती बाद केली.

खरी मेख सत्ताविसाव्या कलमात आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात चालतो. तर्क साधा आहे: सुरा खरोखर विहिरीत सापडला, तर माहिती खरीच असणार. त्यावर पोलीस ठाण्यांत एक अख्खी लेखनशैली उभी राहिली. आरोपी पंचांसमक्ष ‘स्वखुशीने’ निवेदन करतो, ‘मी लपवून ठेवलेले हत्यार काढून देतो, माझ्यासोबत चला’, मग सगळे जीपमधून जातात, तो बोट दाखवतो, जप्तीचा पंचनामा होतो. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या निवेदन पंचनाम्यांत वाक्यरचना जवळपास तीच. पंच म्हणूनही अनेकदा ठाण्याच्या आसपास सहज सापडणारी तीच ती माणसं, आणि खटल्यात ती फितूर झाली की सगळ्यांना आश्चर्य.

प्रिव्ही कौन्सिलने १९४७ च्या सुमारास पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात या फटीला आवर घातला. सापडलेली गोष्ट म्हणजे आरोपीने काढून दिलेला नुसता भाला नव्हे, तर तो कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं ही वस्तुस्थिती, असं तिने ठरवलं. ‘याच भाल्याने मी मारलं’ एवढे शब्द गाळायचे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, हे संविधानाच्या २० व्या अनुच्छेदाने सांगितलं. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २७ वं कलम त्या अनुच्छेदाला धरून आहे असं ठरवलं. अट एकच, माहिती सक्तीने काढलेली नसावी. सक्ती झाली हे कोठडीतल्या माणसाने सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला. माझं मत विचाराल तर कोठडीतल्या मारहाणीचं कारण २५ व्या कलमाने संपवलं नाही, फक्त बदललं. ‘कबूल कर’च्या जागी ‘हत्यार काढून दे’ आलं.

यानंतर या बंदीच्या भिंतीलाच भगदाड पडलं. १९८७ च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या १५ व्या कलमाने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली. करतार सिंग खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम तीन विरुद्ध दोन मतांनी टिकवलं. हुद्दा वाढला की हात स्वच्छ होतात, असं त्यामागचं गृहीतक. १८५५ च्या आयोगानेही वरच्या साहेबाबद्दल हेच गृहीत धरलं होतं. १९९५ साली टाडा गेला, २००२ साली त्याच धर्तीचा पोटा आला आणि २००४ साली तोही गेला. महाराष्ट्राने मात्र १९९९ साली मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा केला. त्याचं १८ वं कलम म्हणजे टाडाच्या १५ व्याचा सख्खा भाऊ, आणि ते आजही लागू आहे.

त्याची कसोटी मुंबईने पाहिली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. मकोका न्यायालयाने २०१५ साली बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. खटल्याचा मोठा भार पोलीस उपायुक्तांनी नोंदवलेल्या कबुलीजबाबांवर होता. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं. वेगवेगळ्या जबाबांत दिसणारं विलक्षण साम्य आणि छळाच्या तक्रारी पाहता ते जबाब विश्वासार्ह नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही, पण हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा अंतरिम आदेश तिथे झाला. एकोणीस वर्षं गेली. लोकल पकडायला घरून निघालेल्या त्या माणसांच्या कुटुंबांच्या हाती काय उरलं? जबाब नोंदवणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं दिसत नाही.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. २५, २६ आणि २७ ही तिन्ही कलमं आता २३ व्या कलमात एकत्र नांदतात. आशय तोच. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नव्या प्रक्रिया संहितेने सक्तीचं केलं, हे चांगलं झालं. पण जीप निघण्याआधी कोठडीत काय झालं, ते या चित्रीकरणात येत नाही. पोलीस ठाण्यांत सर्वत्र सीसीटीव्ही लावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०२० चा. त्याची अंमलबजावणी रेंगाळली म्हणून त्याच न्यायालयाला पुन्हा पुन्हा विचारणा करावी लागली.

दीडशे वर्षं कायद्याने कागदावर अविश्वास दाखवला, कागद लिहिणाऱ्याला सहसा जाब विचारला नाही. त्याचाही उपाय सुचवून झालेला आहे. कोठडीत असताना कुणाला इजा झाली, तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाने गृहीत धरावं आणि तसं नसल्याचं पोलिसांनी दाखवावं, असं कलम पुराव्याच्या कायद्यात घालण्याची शिफारस विधि आयोगाने १९८५ साली केली. २०१७ च्या अहवालात ती पुन्हा केली. २०२३ साली संसदेने पुराव्याचा कायदा नव्याने लिहिला, तेव्हा ते कलम त्यात घेतलं नाही.