वतनाचा वारसा आणि संधीची समता

वारसा म्हटला की वाडा, शेतीवाडी, पेढी डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या वेठच वारशाने मिळाली, त्याच्या बाजूने या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महार वतन ही कागदोपत्री मालमत्ताच होती. १८७४ च्या वतन कायद्यान्वये ती जमीन बापाकडून मुलाकडे जाई. पण तिच्यासोबत सरकारची व गावाची चाकरीही जाई. भाऊवाटणीने जमिनीचे तुकडे पडत गेले. चाकरी मात्र अख्ख्या कुटुंबाच्या मानेवर अखंड राहिली. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

पुढे १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की, माणसाचे सामर्थ्य शारीरिक आनुवंशिकता, सामाजिक वारसा आणि स्वप्रयत्न या तिहींवर अवलंबून असते. यांपैकी पहिल्या दोहोंचे श्रेय कोणासही घेता येत नाही.

अखेर १९५८ साली कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा झाला. चाकरी संपली, जमीन मात्र शासनाकडे कब्जेहक्काची रक्कम भरल्यावरच वतनदारास परत मिळणार होती. ज्यांच्या पिढ्या वेठीत गेल्या, त्यांनीच पुन्हा मोल द्यावयाचे!

गुणवत्तेच्या नावाने राखीव जागांना नाके मुरडणाऱ्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे: एकास वारशाने वाडा आणि दुसऱ्यास वेठ मिळाली असता, शर्यतीचा आरंभ कोठून मोजावयाचा?