काचेतलं लोखंड

नांदेड-लातूरकडे हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगची काळी काच मागितली, की दुकानदार विचारतो, ‘किती नंबर?’ नवशिका ‘दहा’ म्हणून मोकळा होतो, कारण रॉडही त्यानं दहा नंबरचाच घेतलेला असतो. पण हे दोन दहा वेगळे. रॉडचा नंबर गेजचा असतो. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे तीनच्या थोडा वर. नंबर जितका लहान तितका रॉड जाड. काचेचा नंबर अंधाराचा असतो. तो जितका मोठा तितकी काच गडद. काचेच्या या नंबरामागे सव्वादोनशे वर्षांची कुळकथा आहे, आणि ती ठाऊक असली तर हेल्मेट निवडताना पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आपोआप कळतं.

ही कथा वेल्डिंगपाशी नाही, सूर्यापाशी सुरू होते. युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल १८०० साली दुर्बिणीतून सूर्याचं निरीक्षण करत होता. डोळे सांभाळण्यासाठी तो रंगीत आणि काळ्या काचा आलटून पालटून लावायचा. त्यात त्याला एक विचित्र गोष्ट जाणवली. काही काचांतून उजेड अगदी थोडा येई, पण डोळ्याला चटका बसे. दुसऱ्या काही काचांतून उजेड भरपूर येई आणि चटका जवळजवळ नाहीच. मग त्यानं लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर धरून पाहिला. तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, पारा सर्वांत जास्त चढला. पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटरनं जांभळ्याच्या पलीकडचे, म्हणजे अतिनील, किरण शोधले. तेही न दिसणारे, पण चांदीचा क्षार काळा करणारे. म्हणजे तांबड्यापलीकडच्या या अवरक्त किरणांचा शोध मुळात डोळे वाचवणाऱ्या काळ्या काचेनं लावून दिला. काच काळी असणं आणि काच राखणारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून माहीत आहे. बाजारात मात्र अजूनही काळेपणाच विकला जातो.

त्याच सुमारास लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीनं मोठी बॅटरी जोडून कोळशाच्या दोन टोकांमध्ये विजेची ज्योत पाडून दाखवली. ही ज्योत म्हणजे आर्क. पुढची कित्येक दशकं लोकांना तिचा उपयोग दिव्यापुरताच दिसला, पण इजा लगेच दिसू लागली. पॅरिसचा डॉक्टर शार्को यानं १८५८ मध्ये नोंदवलं, की विजेच्या ज्योतीवर प्रयोग करणाऱ्यांची कातडी उन्हानं करपावी तशी लाल होते आणि डोळे दुखतात. याच ज्योतीच्या किरणांनी डेन्मार्कच्या नील्स फिनसेननं पुढे त्वचेचा क्षय बरा केला आणि १९०३ चं नोबेल मिळवलं. जे किरण रोगजंतू मारतात ते बुबुळावरची नाजूक त्वचाही भाजून काढणारच.

लोखंड जोडायला ही ज्योत वापरली रशियन साम्राज्यातल्या निकोलाय बेनार्दोसनं, १८८१ मध्ये. ग्रीकांचा लोहारदेव हेफेस्टस. आपल्या विश्वकर्म्याच्या पंगतीतला. बेनार्दोसनं आपल्या पद्धतीला त्याच देवाचं नाव दिलं, ‘इलेक्ट्रोहेफेस्ट’. त्याची ज्योत कोळशाच्या कांडीची होती. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोवनं कोळशाऐवजी लोखंडाचीच कांडी धरली, जी स्वतः वितळून सांध्यात उतरते. नंतर स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्यनं तिच्यावर लेप चढवला, आणि आज गावोगाव मिळतो तो रॉड तयार झाला.

मराठवाड्यात हे उशिरा पोचलं. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला आली तेव्हा तिचे बॉयलर आणि पूल रिवेटचे होते. तापलेला रिवेट भोकात घालून ठोकायचा. गावातला लोहार भात्यावर वखराची पास तापवून, ऐरणीवर ठोकून, पाणी पाजून देत होता. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आसऱ्यानं राहिलेले शिकलगार शीख पोलादाला धार लावण्याची पिढीजात विद्या चालवत होते. या सगळ्यांना आगीकडे उघड्या डोळ्यांनी बघायची सवय होती; किंबहुना तेच त्यांचं कसब. लोखंड किती तापलं ते लोहार रंगावरून ओळखतो. वेल्डिंग आलं आणि पिढ्यान्पिढ्यांची ही सवयच घातक ठरली. भट्टीकडे पाहून डोळे शिणतात, आर्ककडे पाहून भाजतात.

साखर कारखाने उभे राहिले तसं आर्कचं काम वाढलं. उसाच्या मिलचे रोलर झिजले की ऊस घसरतो, म्हणून ऐन गाळपात, रोलर फिरत असताना, त्याच्या दात्यांवर वेल्डिंगचे थेंब टाकत राहावे लागतात. त्याला आर्किंग म्हणतात. पाठोपाठ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, बाभळीच्या तिफणीऐवजी लोखंडी पेरणी यंत्रं आली, सोयाबीनच्या मळणी यंत्रांची दुरुस्ती आली. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना झाला. डिसेंबर २०२० मध्ये त्यातून डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. रिवेटच्या रेल्वेपासून वेल्डिंगच्या रेल्वेपर्यंतचा हा प्रवास एकाच शहरानं शंभर-सव्वाशे वर्षांत पाहिला.

घरी हौसेनं वेल्डिंग करणारा माणूस मात्र अगदी अलीकडचा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला सेट दोघांनी उचलायचा, आणि त्यानं टाका मारला की शेजारच्या घरातला बल्ब मंद व्हायचा. आता चार-पाच किलोचं इन्व्हर्टर मशीन घरातल्या सिंगल फेजवर चालतं. शिक्षक, शेतकरी, बँकेतून निवृत्त झालेले लोक अंगणात कुंड्यांचं स्टँड आणि गोठ्याचं फाटक करू लागले आहेत. मला हे फार चांगलं वाटतं. पण मशीनवर पाच-सहा हजार घालणारा माणूस मशीनच्या खोक्यात फुकट आलेली ढाल वापरतो किंवा उन्हाचा गॉगल चढवतो, तेव्हा काळजी वाटते. गॉगलच्या बाजूंनी किरण आत येतात, समोरून येणारा उजेडही कितीतरी पटींनी जास्त असतो, आणि चेहरा तर उघडाच.

काच खरोखर राखणारी कशी झाली, तो या कथेतला सर्वांत सुंदर भाग आहे. काचेच्या भट्टीवर आयुष्य घालवलेल्या कामगारांना अकाली मोतीबिंदू होतो, हे इंग्लंडमध्ये बऱ्याच काळापासून माहीत होतं. रॉयल सोसायटीनं त्यासाठी समिती नेमली, आणि म्हातारे रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स काचेत वेगवेगळे धातू मिसळून पाहू लागले. शेकडो मिश्रणं झाली. १९१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. सिरियमसारखी द्रव्यं जांभळ्यापलीकडचे किरण अडवतात, आणि लोखंडाचा एक विशिष्ट ऑक्साइड काचेत असला की तो उष्णतेचे किरण गिळतो. त्याच लोखंडामुळे काचेला हिरवट झाक येते. वेल्डिंगची काच सूर्यासमोर धरली तर सूर्य हिरवा दिसतो तो त्यामुळेच. लोखंड जोडताना डोळे राखायला काचेतही लोखंडच लागलं.

नंबराचं गणितही पक्कं आहे. एका नंबरानं काच सुमारे पावणेतीनपट गडद होते. दहा नंबरच्या काचेतून उजेडाचा साधारण सात हजारावा भाग आत येतो, अकरा नंबरमधून एकोणीस हजारावा, चौदा नंबरमधून पावणेचार लाखावा. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी वेल्डिंगच्या काचांना अचानक भाव आला होता, पण सूर्याला चौदा नंबर लागतो, आणि वेल्डरकडे सहसा असते ती दहा-अकराची. घरकामात बारा नंबरचा रॉड साठ ते नव्वद अँपिअरवर चालतो. त्याला नऊ किंवा दहा नंबर काच पुरते. दहा नंबरचा रॉड सव्वाशेपर्यंत नेला तर दहा किंवा अकरा. त्याहून गडद घेतली तर वितळलेलं लोखंड नीट दिसत नाही, माणूस वाकून जवळ जातो आणि धूर जास्त घेतो.

मग इतकी चांगली काच शेकडो दुकानांत स्वस्तात मिळत असताना डोळे का जातात? कारण इजा बहुतेक वेळा लांब वेल्डिंगमध्ये होत नाही, टाका मारताना, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारा छोटा जोड देताना, होते. हातातली ढाल एक हात अडवते, दुसऱ्या हातात होल्डर, मग अँगल धरायचा कोणी? हेल्पर पोरगा धरतो आणि मान वळवतो. वेल्डर ढाल बाजूला ठेवतो, जागा बघतो, डोळे मिटतो आणि टाका मारतो. डोळे मिटायला क्षणभर उशीर होतोच. असे वीस टाके झाले, की सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या आणि गुलाबपाणी हा गावोगावचा उपाय. बुबुळाची वरची त्वचा दिवस-दोन दिवसांत बहुधा आपोआप भरून येते, आणि श्रेय बटाट्याला मिळतं. दृष्टी धूसर राहिली किंवा दुखणं लांबलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जावं. पुन्हापुन्हा होणारी इजा तितकी माफ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण, दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरले.

टाक्याची अडचण सुटली ती एका वेगळ्याच घराण्याच्या मदतीनं. १८८८ मध्ये, म्हणजे स्लाव्यानोवनं लोखंडी कांडी धरली त्याच वर्षी, प्रागमध्ये फ्रीडरिश राइनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५ अंशांवर तो गढूळ द्रव झाला आणि १७८ अंशांवर नितळ. हा द्रवस्फटिक. पुढे कळलं, की विजेचा दाब दिला की त्याच्या थरातून जाणारा उजेड अडवता येतो. घड्याळातले आणि कॅल्क्युलेटरमधले आकडे त्यावरच उमटले. १९८१ मध्ये स्वीडनच्या हॉर्नेल कंपनीनं हा थर वेल्डिंगच्या काचेत बसवून ‘स्पीडग्लास’ बाजारात आणली. काच एरवी चार नंबरची, कामाची जागा दिसेल इतपत उजळ; आर्क पेटताच सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात दहा-अकराची होते. दोन्ही हात मोकळे, मान झटकायची गरज नाही, आणि टाका उघड्या डोळ्यांनी बघून मारता येतो. तेव्हा ही चैनीची वस्तू होती, आज हजार-बाराशेपासून मिळते.

इथे हर्शेलची आठवण ठेवावी. काच काळी होते हा तिचा दिखाऊ भाग आहे. न दिसणारे किरण अडवण्याचं काम द्रवस्फटिकाचं नसतंच. ते त्याच्या पुढे बसवलेल्या, धातूचा अतिपातळ लेप दिलेल्या गाळण-काचेचं असतं, आणि नीट बनवलेल्या हेल्मेटात ते सेल संपला, काच उजळ राहिली तरी चालू असतं. स्वस्त हेल्मेटात हीच काच खरी आहे की नाही, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. लायटर पेटवून काच काळी झाली की दुकानदार ‘बघा, चालतंय’ म्हणतो. त्यानं फक्त उजेड टिपणारा सेन्सर चालतो एवढंच सिद्ध होतं. म्हणून काचेच्या कडेवरच युरोपीय ‘ईएन ३७९’ मानकाचा छाप आणि बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं बघावं. खोक्यावरच्या चिठ्ठीला अर्थ नाही. त्यासोबतचे १/१/१/२ असे चार आकडे दृश्याच्या स्वच्छतेचे. जितके लहान तितकं चांगलं, पण हौशी कामाला दोनही चालतात. छापच नसेल तर त्या हेल्मेटापेक्षा भारतीय मानक चिन्हाची साधी काच आणि वर उचलायची फायबरची टोपी जास्त विश्वासाची.

पैसे वाचवायचे तर रंगीबेरंगी चित्रांवर, चार सेन्सरांवर आणि मोठ्या खिडकीवर वाचवावेत. रॉडच्या कामाला दोन सेन्सर पुरतात, फक्त ट्रॉलीखाली घुसून काम करताना ते झाकले जाऊ नयेत. सेल बदलता येणारा घ्यावा. आत कायमचा बंद केलेला सेल संपला की अख्खं हेल्मेट भंगारात. डोक्यावरचा पट्टा दुकानात चढवूनच पाहावा. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे ऊन. बहुतेक हेल्मेटं ५५ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असतात. लातूरच्या मे महिन्यात पत्र्यावर ठेवलेलं हेल्मेट ती मर्यादा सहज ओलांडतं आणि द्रवस्फटिक बिघडतो. काम थांबलं की ते सावलीत ठेवावं. अंगणात कडक उन्हात ते आर्क नसतानाही काळं होऊ लागलं तर सेन्सरची संवेदना थोडी कमी करावी.

माझं मत विचाराल तर तीन हजारांचं एक हेल्मेट घेण्याऐवजी दीड-दोन हजारांचं छाप असलेलं घ्यावं आणि उरलेल्या पैशांत हातात धरायची एक साधी ढाल घ्यावी. ती अँगल धरणाऱ्यासाठी. तो मुलगा असो, बायको असो की शेजारी. तिच्यात अकरा नंबरची काच बसवावी, ठिणग्यांपासून राखायला पुढे पारदर्शक काच लावावी, आणि काळ्या काचेला केसाएवढाही तडा दिसला की ती त्याच दिवशी बदलावी.