छायाचित्रातील मेटाडेटा

छायाचित्रातील मेटाडेटा म्हणजे डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये साठवलेली, परंतु चित्रावर न दिसणारी माहिती होय. तीत कॅमेऱ्याचे किंवा मोबाइलचे मॉडेल, तारीख, वेळ आणि स्थाननोंद चालू असल्यास अक्षांश-रेखांश असतात.

स्वरूप

कॅमेरा आपोआप करतो त्या नोंदी 'एक्झिफ' या मानकानुसार असतात. ते जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली तयार केले. छायाचित्रकाराचे नाव, चित्रओळ व हक्क यांसाठी वृत्तक्षेत्रातून आलेले 'आयपीटीसी' हे मानक वापरतात.

गोपनीयता

अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. त्यामुळे अंधेरी किंवा घाटकोपरच्या दाट वस्तीत घरातून काढलेले चित्र थेट इमारतीपर्यंत पोहोचवू शकते. २०१२ साली अज्ञातवासात असलेले संगणक-उद्योजक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात असल्याचे अशाच एका प्रकाशित छायाचित्रातील स्थाननोंदीवरून उघड झाले.

स्थाननोंद सर्वत्र घातक मात्र नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांच्या छायाचित्रात ती असणे अभ्यासकांना उपयुक्तच ठरते. विकिमीडिया कॉमन्सवर चित्राखाली मेटाडेटाचा तक्ता दिसतो. त्याच उद्यानातील बिबट्याची गोष्ट निराळी. 'आयनॅचरलिस्ट' हे नागरिकांच्या निसर्गनोंदींचे संकेतस्थळ संकटग्रस्त प्रजातींचे नेमके स्थान सहसा झाकते आणि ०.२ अंशाच्या चौकोनातील कोणताही एक बिंदू दाखवते. हा चौकोन सुमारे १०४ चौ. किमी. क्षेत्राच्या या उद्यानाच्या चौपटीहून मोठा असतो. मूळ फाइल अन्यत्र जशीच्या तशी दिली, तर ही काळजी व्यर्थ जाते.

व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवलेल्या चित्रातील बहुतेक मेटाडेटा गळतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास तो टिकतो. चित्राच्या कडा कापल्याने स्थाननोंद पुसली जात नाही. विंडोजमध्ये फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मधून किंवा 'एक्झिफटूल' या मोफत प्रणालीने ती काढता येते. सरसकट सर्व मेटाडेटा पुसल्यास छायाचित्रकाराचे नावही जाते, म्हणून केवळ स्थाननोंद काढणे अधिक श्रेयस्कर. अर्थात, चित्रातच सोसायटीच्या नावाची पाटी दिसत असेल तर या खटाटोपाचा उपयोग नाही.

शोधयंत्रांतील दृश्यता

चित्रात अक्षांश-रेखांश भरल्यास दुकान शोधात वर येते, असा समज व्यावसायिकांत आढळतो; त्याला भक्कम आधार नाही. गूगलच्या मार्गदर्शनात भर आहे तो चित्राभोवतीचा मजकूर, पर्यायी मजकूर आणि फाइलचे अर्थपूर्ण नाव यांवर. 'आयपीटीसी'तील श्रेय व हक्कांची माहिती मात्र गूगलच्या चित्रशोधात २०१८ पासून दाखवली जाऊ लागली.