टाकावरची म्हाळसा

1978 साली लग्न होऊन मी शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याहून भीमा ओलांडून केडगावला, दौंड तालुक्यात आले. चौथ्या रात्री अंगणात खंडोबाचं जागरण मांडलं. ज्वारीच्या पाच ताटांचा चौक, कोटंबा, दिवटी-बुधली. मध्यरात्र उलटली आणि दिमडी-तुणतुण्यावर देवाच्या दोन बायकांचं, म्हाळसा-बानूचं भांडण सुरू झालं. म्हाळसा म्हणते, तुझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो. बानू तिला सव्याज परत करते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हाळसा मला तेव्हा नुसती मत्सरी वाटली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी देवघरातला टाक माझ्या हाती दिला. मणि-मल्ल दैत्यांशी झुंजणारा देव घोड्यावर, आणि त्याच घोड्यावर त्याच्यासोबत म्हाळसा. रणात ती घोड्यावर होती, हे मला कुणी गाऊन सांगितलं नव्हतं.

2014 ते 2017 झी मराठीवर खंडोबावरची ‘जय मल्हार’ ही मालिका चालली, तेव्हा आमच्या ओसरीवर रोज म्हाळसेवरून वाद. सुरभी हांडे यांची म्हाळसा आधी देवावर जीव टाकणारी. ईशा केसकर यांची बानू आली आणि तीच म्हाळसा धारदार झाली. शेजारणी म्हणायच्या, “म्हाळसा बदलली.” मला टाक आठवायचा. सारीपाटात हरून देव बारा वर्षं वनवासात जातो, चंदनपुरीला धनगराची मेंढरं राखतो, बानूला घेऊन येतो. रणात जी सोबत होती, तिला घरातलं हे कुणी विचारलंच नाही. तिच्या रागाचं मूळ तिथं आहे. तिचं मन पालटलं नाही, तिच्या वाट्याला आलेली वेळ पालटली.

या भांडणामागं आमच्या मुलखाचा इतिहासही आहे. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, बानू धनगराची. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक इथल्या धनगरांत फिरले. स्थिर वस्तीचा संसार आणि मेंढपाळांची भटकंती या दोन्ही जगण्यांना खंडोबा जोडतो, असं त्यांनी दाखवलं. चौफुला-मोरगावावरून जेजुरीला गेलं की ते डोळ्यांना दिसतं. म्हाळसा गाभाऱ्यात देवाशेजारी, बानूचं, म्हणजे बानाईचं, देऊळ गड चढताना निम्म्या वाटेवर. दोघींना जागा आहे, पण अंतर राखून.

आमच्या शिवारातही तसंच. पीक निघालं की धनगर रानात मेंढरं बसवतात. लेंडीखतानं जमीन कसदार होते, बदल्यात आम्ही धान्य देतो. कधी कळप उभ्या पिकात शिरतो, आणि मी बांधावरून म्हाळसेसारखी कडाडते. पण मेंढरं बसवल्यावर धनगरीण धान्याला येते, तेव्हा मी मापावर ओंजळभर ज्वारी जास्तच घालते. ती कपाळाला भंडारा लावते, मीही लावून घेते. कडाडणारी मीच आणि ओंजळ घालणारीही मीच. म्हाळसा मला अशी कळली.