मुक्तस्रोत प्रकल्पांतील बिगर-प्रोग्रामर सहभाग : मराठी भाषा व दिवा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि प्रोग्रामरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेला ग्नू प्रकल्प, १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेले लिनक्स आणि १९९८ मध्ये पुढे आलेली ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा, हे त्याचे परिचित टप्पे होत. तथापि भाषांतरकार, अक्षररचनाकार, चुका नोंदविणारे वाचक आणि नकाशाकार यांच्या श्रमांवाचून हे सॉफ्टवेअर मराठी माणसाच्या उपयोगाचे झाले नसते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित सहभागाचा मागोवा घेतला आहे.

मराठीकरणाची वाटचाल

२००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांतील लिनक्सचा प्रश्न हाती घेतला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले.

या कामातील अनेक अडचणी तांत्रिक दिसत असल्या तरी मुळात भाषिक होत्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील ‘र’च्या दोन रूपांचा भेद पडद्यावर पुसला गेला, तर गुरुजनांचे स्वयंपाकी होतात. ही चूक हेरण्यास मराठीची जाण लागते, प्रोग्रामिंगची नव्हे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. ‘फाइल’ हा रूढ शब्द ठेवावा की ‘धारिका’ हा घडविलेला शब्द योजावा, हा वादही भाषांतरकारांसमोर होता. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषानिर्मितीपासून चालत आलेलाच हा पेच होय. शिवाय इंग्रजी वाक्यात क्रियापदाला लिंग नसते. मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे ठरवावेच लागते.

दिवा : नावांचा प्रश्न

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा काटेकोर अर्थाने मुक्त माहितीचा प्रकल्प असला, तरी त्याची उभारणी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर झाली आहे. त्यात प्रत्येक स्थळाचे मराठी नाव स्वतंत्रपणे नोंदविता येते. ठाणे महानगरपालिका क्षेत्रातील दिवा हे मध्य रेल्वेवरील जंक्शन असून तेथून वसई व पनवेलकडे मार्ग फुटतात. ‘दिवा’ हे नाव रोमन लिपीतून यंत्राने देवनागरीत आणल्यास ते ‘दिवा’ की ‘दीव’, हे यंत्राला केवळ अक्षरांवरून ठरविता येत नाही. कळवा, निळजे, तळोजे या नावांतील ‘ळ’ रोमन लिपीत ‘ल’हून वेगळा राहत नाही. झपाट्याने व बव्हंशी अनियोजित वाढलेल्या दिव्यासारख्या वस्तीत कोणत्या गल्लीला लोक काय म्हणतात, हे तेथील रहिवासी, शिक्षक वा रिक्षाचालकच सांगू शकतो. नकाशावर नाव नसलेल्या गल्लीत रुग्णवाहिका पोहोचण्यास विलंब लागतो. म्हणून ही माहिती गौण मानता येत नाही.

साधनांची चिकित्सा

अशा सहभागाची नोंद मात्र विषम आहे. प्रोग्रामरने केलेला प्रत्येक बदल त्याच्या नावासह प्रकल्पाच्या नोंदवहीत जतन होतो. भाषांतराच्या फाइली अनेकदा समन्वयकामार्फत दाखल होतात आणि फाइलीच्या शीर्षभागात ‘अखेरचा भाषांतरकार’ म्हणून एकच नाव उरते. आधीच्यांची नावे कोणी आवर्जून नोंदविली तरच टिकतात. केवळ नोंदवहीवर विसंबून लिहिलेला इतिहास त्यामुळे एकांगी ठरतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक फेरफाराचा पूर्वेतिहास टिकत असल्याने तेथे असे संशोधन अधिक शक्य आहे.

निष्कर्ष

मराठीपुरते पाहता, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे खुलेपण परवान्याने शक्य झाले. ते प्रत्यक्षात उतरले भाषा जाणणाऱ्यांच्या श्रमांमुळे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय कार्यरत आहे, तर डोंबिवलीने २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले. या पट्ट्यात भाषिक सामर्थ्याची वाण नाही. महाविद्यालयांतील मराठी, भूगोल व इतिहास विभागांनी स्थळनामांची नोंद व भाषांतराची तपासणी हा विद्यार्थी-प्रकल्पांचा भाग केल्यास, आणि त्यातील प्रत्येक सहभागीचे नाव जपल्यास, आजचे श्रम उद्याच्या इतिहासकारास उपलब्ध राहतील.